खाली विचारा

ही गोष्ट खरी आहे.

असं म्हणून सुरुवात करणाऱ्यांच्या गोष्टीत पुढे हमखास मध्यरात्र असते, वारा असतो आणि लांब कुठेतरी कुत्रं रडत असतं. इथे यातलं काही नाही. मंगळवार होता. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. जागा म्हणजे एका मोठ्या हॉस्पिटलचं तळघर. तिथे ट्यूबलाइट चोवीस तास जळते आणि भुताला लपायला सोयीचा असा एक कोपरा नाही.

तरीही जे घडलं, ते घडलं.

ज्यांच्या बाबतीत घडलं ते गृहस्थ भूत, भविष्य आणि हवामानाचा अंदाज यांपैकी कशावरही विश्वास ठेवणारे नव्हते. आता हवामानाच्या अंदाजावर थोडाथोडा ठेवतात.

ते हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर खात्यात तिसऱ्या मजल्यावर बसायचे. त्यांचा सख्खा धाकटा भाऊ त्याच खात्यात, पण तळघरात. लोक त्यांना वरचे साहेब आणि खालचे साहेब म्हणायचे. आपण थोरले आणि धाकटा म्हणू.

दोघांचं काम सांगितल्याशिवाय पुढची भीती कळायची नाही, म्हणून थोडक्यात सांगतो.

थोरल्यांच्या सर्व्हरवर हॉस्पिटलातल्या चार हजार माणसांची यादी होती. कोण डॉक्टर, कोण नर्स, कुणाचा फोन नंबर काय, कुणाला कुठले रिपोर्ट उघडायची मुभा. सगळं होतं, फक्त पासवर्ड नव्हते. पासवर्डच्या रकान्यात चार हजार नावांपुढे एकच शेरा होता. साध्या भाषेत त्याचा अर्थ एवढाच, की खाली विचारा.

कारण पासवर्ड सांभाळायचं काम धाकट्याच्या मशीनचं. कुणी आपलं नाव आणि पासवर्ड टाकला, की थोरल्यांचा सर्व्हर तो तळघरात पाठवून विचारायचा, हा माणूस खरंच तोच आहे का?

खालून उत्तर यायचं. हो, तोच. किंवा, नाही.

एवढंच बोलणं. पण दिवसाला तीस-चाळीस हजार वेळा.

हे यंत्रांचं सांगतोय.

माणसं एकमेकांशी अकरा वर्षं बोलली नव्हती.

अबोल्याचं कारण जमीन नव्हती, की जावा-जावांचं भांडण नव्हतं. धाकट्याने लग्नच केलं नव्हतं, त्यामुळे तीही सोय नव्हती. कारण होतं हेच. पासवर्ड.

ही पद्धत नवीन सुरू झाली, तेव्हाची गोष्ट. धाकट्याने एकदा भर दुपारी दुरुस्तीसाठी आपलं मशीन वीस मिनिटं बंद केलं. आता फोनवर फोन येणार म्हणून तो फोनजवळ खुर्ची ओढून बसला.

एकही फोन आला नाही.

कुणाचंच काही अडलं नव्हतं. चार हजार माणसं खुशाल आपापला पासवर्ड टाकून आत जात होती.

तो जिना चढून वर आला. थोरले तेव्हा अधीक्षकांबरोबर मीटिंगमध्ये होते. सात-आठ माणसं, मधोमध बिस्किटांची बशी.

"दादा, जुने पासवर्ड तू तुझ्याकडे ठेवून घेतलेस ना? मला न सांगता?"

"अरे, अडीअडचणीला असावेत म्हणून..."

"तू म्हणाला होतास, मी तुला विचारीन."

"विचारतोच आहे की! तू दहा सेकंदांत बोलला नाहीस, तरच माझ्याकडचे बघतो."

"म्हणजे मी नसलो तरी तुझं चालतं."

एवढं बोलून तो खाली गेला. अधीक्षकांचं बिस्कीट चहात विरघळून पडलं. बाकी कुणाची काही हानी झाली नाही, असं तेव्हा वाटलं.

थोरल्यांनी त्याच संध्याकाळी उशिरापर्यंत बसून ते सगळे पासवर्ड पुसून टाकले. एकूण एक. पण पुसल्याचं धाकट्याला सांगितलं नाही. आधी त्याने बोलावं, मग सांगू. लहान तो आहे.

मग महिना गेला. मग वर्ष. मग असं झालं, की सांगायला गेलं तर इतके दिवस का नाही सांगितलं, याचा खुलासा आधी करावा लागणार. त्यापेक्षा न बोलणं सोपं. सरकारी फायली अशाच तर तुंबतात.

गेल्या वर्षी धाकट्याच्या छातीत दुखायला लागलं.

त्याला त्याच हॉस्पिटलात ठेवलं. पाचव्या मजल्यावर. थोरले तिसऱ्यावर. मधे फक्त एक मजला.

थोरल्यांच्या बायको, म्हणजे धाकट्याच्या वहिनी, सकाळ-संध्याकाळ त्याच्यापाशी जाऊन बसत. त्यांनी दिराशी अबोला कधी धरलाच नव्हता. दर रविवारी त्याच्या खोलीवर डबा जायचा, तो कुठे जातो हे थोरल्यांना ठाऊक होतं, आणि ठाऊक नसल्यासारखं पेपर वाचायची त्यांना सवय होती.

पहिल्या दिवशी थोरले लिफ्टपर्यंत गेले आणि परतले.

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये शिरले. पाचव्याचं बटण दाबलं. दार उघडलं. दार मिटलं. थोरले आतच.

तिसऱ्या दिवशी वॉर्डाच्या दारापर्यंत पोचले.

नर्सने विचारलं, "तुम्ही कोण त्यांचे?"

साधा प्रश्न होता. रोज चाळीस हजार वेळा ते असले प्रश्न खाली पाठवत होते.

"एकाच खात्यात आहोत," थोरले म्हणाले.

"मग चारनंतर या. आत्ता फक्त घरचे."

चारनंतर ते गेले.

कॉट रिकामी होती. चादर बदललेली होती.

खालचे साहेब वर गेले, आता वरच्या साहेबांना खाली जावं लागणार, असं कँटीनमध्ये कुणीतरी म्हणालं. कुणी हसलं नाही. म्हणणाराही नाही.

आता एक तांत्रिक अडचण उरली होती.

धाकट्याचं मशीन दर वेळी चालू होताना एक शब्द मागायचं. मास्टर की. तो शब्द मिळाल्याशिवाय ते कुणालाही ओळखत नसे. इतर ठिकाणी लोक तो शब्द मशीनमध्येच साठवून ठेवतात, म्हणजे ते आपलं आपण चालू होतं. धाकट्याने तसं केलं नव्हतं. तो दर वेळी स्वतः खुर्चीत बसून हाताने टाइप करायचा. दोन बोटांनी. टक... टक... टक... आणि शेवटी एंटरवर अशी दणकन थाप, की शेजारच्या लाँड्रीवाल्याला कळावं, साहेबांचं मशीन लागलं.

तो शब्द त्याने कुणाला सांगितला नव्हता.

मशीन चालू आहे तोवर ठीक. बंद पडलं, तर परत लागायचं नाही. तीन महिन्यांनी एका कंपनीची नवी यंत्रणा येणार होती. तोवर अधीक्षकांनी तळघराच्या दारावर कागद लावला. "मशीनला हात लावू नये. केरसुणीही लावू नये."

तीन आठवडे कुणी लावली नाही.

मग तो मंगळवार उजाडला.

इलेक्ट्रिशियनने जनरेटर तपासायला घेतला. "दोन मिनिटांत देतो साहेब," म्हणाला. मेन लाइट गेले. जनरेटर लागला नाही. तळघरातल्या बॅटऱ्या बरोबर दोन मिनिटं टिकल्या. माणूस शब्दाला तसा पक्का होता, दहा सेकंदांनीच चुकला.

लाइट आले तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

थोरले जिना धावत उतरले. साठीला आलेला माणूस. धाकट्याच्या खोलीत ते अकरा वर्षांत प्रथमच शिरत होते.

स्क्रीनवर एकच ओळ. मास्टर की टाका.

पुढे कर्सर लुकलुकत होता.

वर हाहाकार सुरू झाला. रिपोर्ट उघडेनात. औषधखात्याचं दार उघडेना. ऑपरेशन थिएटरमधून निरोप आला, कागद-पेन पाठवा. पेन मिळाले, कागद शोधावा लागला.

दोन एकोणतीसला थोरल्यांचा मोबाइल वाजला. तळघरात रेंज फक्त दाराशी यायची. ते दाराशी गेले. खोलीकडे पाठ.

अधीक्षक होते. "अहो, तुम्ही मागे सगळ्यांचे पासवर्ड ठेवले होते ना स्वतःकडे? ते लावा की पटकन!"

"नाहीत ते."

"नाहीत म्हणजे?"

"पुसले."

"कधी?"

थोरल्यांनी घसा साफ केला. हे वाक्य अकरा वर्षं घशातच होतं, त्यामुळे बाहेर पडताना ते जरा मोठ्याने पडलं.

"त्याच संध्याकाळी. मीटिंग झाली ना, त्याच संध्याकाळी पुसले सगळे. एकही ठेवला नाही."

आणि पाठीमागे...

टक.

टक... टक...

थोरल्यांची मान वळेना. मणक्यात कुणीतरी बर्फाचा खडा सोडल्यासारखं झालं. टक... टक... टक... सावकाश. दोन बोटांनी. मोजून टाकल्यासारखी एकेक कळ.

मग दणकन थाप.

ते वळले.

खुर्ची रिकामी.

स्क्रीनवरची ओळ गेली होती. तिच्या जागी नावं धावत होती. डॉक्टर, नर्स, औषधखातं. हो, तोच. हो, तीच. हो, तोच.

शेजारून लाँड्रीवाल्याने डोकं आत घातलं.

"लागलं का साहेबांचं मशीन?" असं म्हणाला, आणि म्हटल्यावर त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

मशीनच्या नोंदीत दिसतं ते असं. मास्टर की स्वीकारली. वेळ दोन एकतीस. कुठून? मशीनच्या स्वतःच्या कीबोर्डवरून.

अधीक्षकांनी थोरल्यांचं अभिनंदन केलं. थोरल्यांनी, मी काही केलं नाही, असं तीनदा सांगितलं. तो विनय समजला गेला.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी थोरले ऑफिसात आले आणि नुसतेच बसून राहिले. कॉम्प्युटर चालू केला नाही. चहा आला, निवला. साडेनऊ वाजून गेले.

नऊ अडतीसला शिपायाने दारातून डोकावलं.

"बरं आहे ना साहेब?"

हा शिपाई कधीकधी असा डोकावायचा. थोरल्यांना ते नेहमीचंच होतं. पण त्या दिवशी, का कोण जाणे, त्यांनी विचारलं.

"काय रे, तू अधूनमधून असा येऊन का विचारतोस?"

शिपाई चुळबुळला. "आता सांगायला हरकत नाही म्हणा... खालून फोन यायचा ना, साहेब."

"कुणाचा?"

"खालच्या साहेबांचा. तुम्ही साडेनऊपर्यंत लॉगिन केलं नाहीत, की त्यांना खाली कळायचं म्हणे. लगेच मला फोन. 'बघ रे जरा, आमचा दादा जागेवर आहे का. चक्कर-बिक्कर आली नाही ना.' आणि वर दम, त्याला सांगशील तर तंगडी मोडीन."

थोरल्यांनी चष्मा काढला.

एकदा, फार पूर्वी, ते सकाळी ऑफिसात एकटेच असताना चक्कर येऊन पडले होते. तासभर कुणाला पत्ता नव्हता. अबोल्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट.

म्हणजे रोज सकाळी ते वरून आपला पासवर्ड टाकत होते. खाली एक माणूस बसून त्या चार हजारांतल्या एका नावाची वाट बघत होता. हा माणूस खरंच तोच आहे का? हो. तोच. आला बाबा एकदाचा.

मग थोरल्यांच्या ध्यानात आलं.

"आज कसा आलास?"

"फोन आला म्हणून."

शिपाई हे अगदी सहज बोलला. आणि मग त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"कुणाचा फोन?"

"साहेब... मी सवयीने उठलो. फोनवर खालचाच नंबर होता. मी उचलला... पलीकडे कुणी बोललं नाही. नुसता पंख्याचा आवाज. मी म्हटलं, बघून सांगतो साहेब. आणि निघालो." त्याने दाराची चौकट धरली. "आत्ता आठवलं मला. ते तर..."

थोरले त्याला घेऊन टेलिफोनच्या खोलीत गेले. तिथल्या ऑपरेटरबाई तीस वर्षं जुन्या आणि चिडक्या.

"तळघरातला नंबर? तो मी खालचे साहेब गेले त्याच आठवड्यात बंद केलाय. फोनही काढून आणलाय. हा काय."

त्यांनी कपाट उघडलं. फोन आत होता. स्वतःचीच वायर स्वतःभोवती गुंडाळून गप्प बसलेला.

घरी गेल्यावर थोरल्यांनी बायकोला सगळं सांगितलं. त्या भाजी चिरत होत्या.

"साडेनऊचा फोन ना? मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या.

"मग बोलली का नाहीस इतकी वर्षं?"

"भाऊजींनी शपथ घातली होती. आणि तुम्ही तरी कुठे विचारलंत?"

सुरी थांबली.

"शेवटच्या दिवशी विचारत होते, दादा आलाय का ऑफिसला. मी म्हटलं आलेत. म्हणाले, मग झालं."

थोरले उठून बाथरूममध्ये गेले आणि नळ पूर्ण सोडून बराच वेळ आत उभे राहिले. बाहेर आले तेव्हा त्यांनी एकच विचारलं.

"मी ते पासवर्ड पुसले होते, हे त्याला कधी कळलं असेल का गं?"

"तुम्ही सांगितलंत का?"

"नाही."

"मग कसं कळणार?"

त्या दिवसापासून थोरल्यांना दुसरं काही सुचेना. मंगळवारी आपण बोललो ते त्याने ऐकलं का? ऐकलं असेल तर त्याला पटलं का? तंगडी मोडीन म्हणणाऱ्या माणसाकडून त्यांना एक शब्द हवा होता. हो म्हण, नाही म्हण, काहीतरी म्हण.

आणि दिवस संपत आले होते. कंपनीच्या यंत्रणेची तारीख ठरली. शनिवारी संध्याकाळी सहा वाजता धाकट्याचं मशीन कायमचं बंद व्हायचं होतं.

शनिवारी कंपनीची इंजिनीअर आली. तरुण, चटपटीत, खांद्याला दोन बॅगा. थोरले तिला मॅडम म्हणत, ती त्यांना सर.

पावणेपाचला थोरले एकटेच तळघरात गेले. दार लावून घेतलं. धाकट्याच्या खुर्चीत बसायचा धीर झाला नाही, म्हणून शेजारी एक खोकं पालथं घालून त्यावर बसले.

"बारक्या," ते म्हणाले.

अकरा वर्षांनी.

पंखा घोंगावत होता.

"ऐकलंस ना रे त्या दिवशी? खरंच पुसले होते. तू जिना उतरलास आणि मी पुसायला बसलो. तुझ्याशिवाय चालत नाही रे. बघितलंस ना, दहा सेकंदसुद्धा चालत नाही." नाक पुसलं. "वॉर्डात त्या बाईंना मी भलतंच सांगितलं. तेही ऐकलं असशील. आता एक काहीतरी बोल. सहाला बंद करणार आहेत तुला."

काही झालं नाही.

पाच मिनिटं. सात मिनिटं. पंख्याचा आवाज तेवढाच.

थोरले उठले, दाराला कुलूप लावलं आणि वर आले. शेवटची कामं उरकायची होती. त्यांनी आपलं नाव टाकलं, पासवर्ड टाकला.

खालून उत्तर आलं.

नाही.

बोट चुकलं असेल. त्यांनी परत टाकला, सावकाश, एकेक अक्षर बघून.

नाही.

"मॅडम, माझ्या एकट्याचंच लॉगिन होत नाहीये."

तिने आपल्या लॅपटॉपवर नोंदी उघडल्या. भुवई वर गेली.

"सर, तुम्ही आत्ता पासवर्ड बदललात का?"

"नाही."

"इथे तर बदललेला दिसतोय. चार बावन्नला. खालच्या मशीनच्या कीबोर्डवरून... सर, चार बावन्नला तुम्ही खालीच होतात ना?"

"होतो. पण कीबोर्डला हात नाही लावला."

"मग कुणी लावला?"

घामाने थोरल्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. त्यांना हळूहळू कळत होतं, काय झालंय ते.

त्यांनी एक शब्द मागितला होता.

दिलाय.

आता तो ओळखायचा होता.

"मी बदलून देऊ का, सर? नवीन टाकू?"

"नको!" ते इतक्या जोरात ओरडले, की तिच्या हातातलं पेन पडलं. मग ओशाळून म्हणाले, "नको, मॅडम. आठवेल मला. किती वेळा टाकता येतो?"

"पाच. या जुन्या मशीनवर फार कडक नियम ठेवलाय कुणीतरी. पाचदा चुकला की खातं कायमचं बंद. तुमचे दोन झालेत."

पाच पस्तीस झाले होते.

आमच्या धंद्यात एक रीत आहे, असं थोरले नेहमी सांगत. कुणी पासवर्ड टाकायला लागला, की शेजारच्याने तोंड फिरवायचं. मग तो बाप असो, साहेब असो, बायको असो. ती मुलगी खुर्चीसकट भिंतीकडे वळली.

थोरल्यांनी विचार केला. घरातलं त्याचं नाव टाकलं, आणि त्याचं जन्मसाल.

नाही.

पाच बेचाळीस. लहानपणी दोघांत मिळून एक सायकल होती. एक दिवस याची, एक दिवस त्याची, आणि पंक्चर मात्र कायम थोरल्यांच्या दिवशी. त्या सायकलला दोघांनी एक नाव ठेवलं होतं, ते जगात तिसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. मागच्या पत्र्यावर रंगवलेल्या नंबरासकट त्यांनी ते टाकलं. एंटर दाबताना त्यांची खात्री होती.

नाही.

"सर, एकच राहिला," भिंतीकडे तोंड करूनच ती म्हणाली.

पाच अठ्ठेचाळीस.

थोरले कीबोर्डवर हात ठेवून बसले. काय असेल? रागाचं असेल? अकरा वर्षं गिळलेलं असेल? की साडेनऊच्या फोनसारखं काही? शेवटी धाकट्याने शब्द निवडला तो एकच. तोही त्याच्या तोंडून आलेला नाही.

मग त्यांना एक सुचलं.

सुचलं म्हणजे, ते आधीपासून ठाऊक असल्यासारखं वर आलं. त्यांनी टाइप केलं. एकेक अक्षर. स्क्रीनवर नुसते ठिपके उमटत गेले.

बोट एंटरवर गेलं.

पाच चोपन्न. पाच पंचावन्न. भिंतीकडे बघणाऱ्या मुलीला मागून श्वास तेवढा ऐकू येत होता. तिने नंतर सांगितलं, आपल्याला वाटलं, दोघांचा येतोय.

पाच अठ्ठावन्नला तिने विचारलं, "सर? दहा मिनिटं थांबू का अजून? माझ्या हातात आहे तेवढं."

थोरल्यांनी ठिपके पुसले. शेवटून सुरुवातीपर्यंत, एकेक करून.

"नको," ते म्हणाले. "करा बंद."

सहा वाजता ते बंद झालं. वर कुणाला काही जाणवलं नाही. चार हजार माणसं नव्या यंत्रणेतून आत गेली. कुणाचंच काही अडलं नाही.

थोरले दोन महिन्यांनी निवृत्त झाले. निरोप समारंभात त्यांनी भंगारात निघालेलं धाकट्याचं मशीन मागून घेतलं. अधीक्षकांनी तीन सह्या घेऊन ते दिलं. आता ते त्यांच्या मागच्या खोलीत असतं. वायर काढलेली, वर एक टॉवेल.

ते चालू करायचं तर आधी मास्टर की लागणार. ती टाकायला कुणीतरी यावं लागेल. कुणी आलंच, तर पुढे एक संधी शिल्लक आहे. थोरल्यांनी एंटर न दाबलेला तो शब्द काय होता, हे त्यांनी बायकोलाही सांगितलेलं नाही.

परवा थोरल्यांच्या बायको त्या खोलीत झाडत होत्या. हात थबकला.

"अहो, हे गरम का लागतंय?"

"ऊन लागलं असेल," थोरले पेपरातूनच म्हणाले.

बाईंनी खिडकीकडे पाहिलं. खिडकीसमोर दोन हातांवर शेजारच्या इमारतीची भिंत. त्या खोलीत ऊन येत नाही.

त्यांनी टॉवेल नीट केला. थोड्या वेळाने बाहेर येऊन नवऱ्याच्या शेजारी बसल्या.

"एकदा लावून तरी बघा. फार तर काय होईल? नाही म्हणेल."

थोरल्यांनी पेपर खाली ठेवला नाही. पान मात्र बराच वेळ उलटलं गेलं नाही.

"तेच तर," ते म्हणाले.